कुंभारवेशीची पांढरी फळी

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, फळी म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. आता माझ्यावर एक कुंभारीण ओले पेले वाळत घालते आणि मधोमध जे भोक आहे तेवढी जागा सोडून देते. पण एके काळी या मेलाना शहरातले लोक सकाळी उठले की तोंडही न धुता माझ्याकडे धावत यायचे. ही फुशारकी नव्हे. मोठेपणा असलाच तर तो चुन्याचा आणि काजळीचा होता. मी नुसती भिंतीला टांगलेली होते.

मूळची मी शहरामागच्या डोंगरावरची, पाइनच्या एका सरळसोट झाडाची. सुताराने दोन तुकडे लाकडी खुंट्यांनी जोडून मला घडवलं. घडवताना तो सारखा हळहळत होता, की एवढ्या चांगल्या लाकडाचा झकास पलंग झाला असता आणि हे शहाणे चालले त्यावर नावं लिहायला. मला मात्र बरं वाटलं. कोणाच्या तरी घामट अंगाखाली जन्म काढण्यापेक्षा चारचौघांत टांगून राहणं बरं, असं मी मनाशी म्हटलं. तेव्हा मला जगाची काय माहिती!

बाजाराच्या ओसरीत आम्ही दहा फळ्या ओळीने होतो. शहराचे भाग दहा, म्हणून फळ्या दहा. मी कुंभारवेशीची. कुंभार, कातडी कमावणारे, थोडे शेतकरी, असे दोनशे चाळीस जण माझ्यावर असायचे, प्रत्येकाचं नाव आणि पुढे बापाचं नाव. मेलानातला कायदा सरळ होता. जो स्वतःची ढाल आणि भाला घेऊन रांगेत उभा राहील, त्याचं नाव फळीवर. आणि ज्याचं नाव फळीवर, त्यालाच सभेत हात वर करता येई. लढाई करायची की नाही हे ठरवणारे आणि लढाईत मरणारे एकच लोक होते. तेव्हा ते सभेत फार विचार करून बोलत असतील, असं तुम्हाला वाटेल. छे! एकेकाला तिथे असा काही जोर चढायचा की विचारू नका.

माझ्यावर लिहिणाऱ्याचं नाव तिबियोस. तो गुलाम होता, पण कोणा एका माणसाचा नव्हे, सबंध शहराचा. दूरच्या समुद्रापलीकडून त्याला अगदी लहानपणी धरून आणलं होतं. अक्षर मात्र मोत्यासारखं. तो मला खाली उतरवायचा, पाठीवर घालून मागच्या अंगणात न्यायचा, चुन्याचा हात द्यायचा आणि वाळले की काजळीच्या शाईने नावं लिहायचा. लिहिताना त्याचे ओठ हलायचे. अमुक, तमुकचा मुलगा. अमुक, तमुकचा मुलगा. स्वतःच्या बापाचं नाव त्याला आठवत नव्हतं.

एकदा ओनेतास नावाचा कुंभार कोपरापर्यंत मातीने भरलेल्या हातांनी तिथे उभा होता. मोठा विनोदी गडी. तो म्हणाला, "तिबियोस, एवढी नावं लिहितोस, चुकून एखाद दिवशी तुझंच लिहून टाक की. कोणाच्या बापाला कळणार नाही."

सगळे हसले. तिबियोसही हसला. पण त्यानंतर बराच वेळ त्याची लेखणी चालली नाही. ती नावांखालच्या कोऱ्या जागेवर टेकून राहिली होती. त्या दिवशी मला समजलं, की या माणसाला जगात एकच गोष्ट हवी आहे, आणि ती तो रोज दुसऱ्यांना वाटतो आहे.

मग युद्ध आलं. आता माझ्यावर लढाईला जाणाऱ्यांची यादी लागू लागली. खाली एकच ओळ असायची, तीन दिवसांची शिदोरी घेऊन हजर राहावे. लोक यायचे, बोट लावून नाव शोधायचे, आणि सापडलं की सातूची भाकरी आणि कांदे बांधून घ्यायला घरी पळायचे. आल्किमेदोन नावाचा सेनापती होता. सभेत जो त्याच्याविरुद्ध बोले, त्याचं नाव पुढच्या यादीत हटकून यायचं. त्याच्या मित्रांची नावं मात्र घसरत घसरत खाली जायची आणि एक दिवस नाहीशी व्हायची. बळी तो कान पिळी. ओनेतासच्या तोंडाला कुलूप नसल्याने तो चार वर्षांत सात वेळा गेला.

त्याच्याबरोबर दर वेळी मेगिलोसही जाई. मेगिलोस कातडी कमावणारा, ओनेतासचा शेजारी आणि रांगेतलाही जोडीदार. आमच्याकडे ढाल डाव्या हातात असते. ती आपलं डावं अंग झाकते आणि डावीकडच्या गड्याचं उजवं. ओनेतास मेगिलोसच्या उजव्या बाजूला उभा राहायचा. म्हणजे मेगिलोसची उजवी बरगडी ओनेतासच्या भरवशावर होती. नदीकाठच्या लढाईत रांग फुटली, अर्धे लोक ढाली टाकून पळाले, पण ओनेतास हलला नाही. मेगिलोस हे ज्याला त्याला सांगायचा, आणि सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. ते खोटं नव्हतं, मित्रांनो. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

चौथ्या वर्षी मेलाना हरलं. जिंकलेल्यांनी वरच्या किल्ल्यात आपले सैनिक ठेवले आणि शहर वीस माणसांच्या हाती दिलं. त्यांतला पहिला आल्किमेदोन. विसांनी पहिलं काय केलं, तर शस्त्रांची पाहणी जाहीर केली. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही, कारण दर वर्षी ती व्हायचीच. पाहणी झाली की ढाली-भाले देवळाच्या भिंतीला टेकवायचे आणि बळीच्या मांसाच्या जेवणाला बसायचं, ही बापजाद्यांपासूनची रीत. देवाच्या पंगतीला हत्यार घेऊन कोणी बसत नाही. लोक जेवत होते, आणि तिकडे किल्ल्यावरचे सैनिक गाड्या भरभरून ढाली वर नेत होते. बोटं चाटत लोक बाहेर आले तेव्हा भिंत मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी तिबियोसला हुकूम आला, कुंभारवेशीच्या फळीवर साठच नावं लिहायची. बाकीच्यांकडे ढाल कुठे आहे? ढाल नाही, त्याचं नाव नाही, कायदा तुमचाच आहे, असं आल्किमेदोनने हसत हसत सांगितलं. साठांना त्यांची हत्यारं परत मिळाली. आणि आणखी एक नियम झाला. फळीवर नाव असेल त्याला चौकशीवाचून मारायचं नाही. नसेल त्याला मारायला विसांचा शब्द पुरे.

त्या सकाळी माझ्यासमोर इतकी गर्दी होती, पण आवाज नव्हता. मेगिलोसचं नाव एकेचाळिसावं होतं. त्याने ते केव्हाच पाहिलं होतं. ओनेतासने वरपासून खालपर्यंत तीनदा वाचलं.

"मेगिलोस, माझं कुठे आहे बघ रे," तो म्हणाला. "भट्टीनं डोळे गेलेत माझे."

"दिसत नाही गड्या. राहून गेलं असेल. मी सांगतो त्यांना."

मेगिलोसने कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं त्याच्या मनात असेलही. रोज उद्यावर ढकलत गेला.

ओनेतास गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. आमच्या ढाली द्या, मग बघू कोणाचं राज्य ते, असं तो भट्टीपाशी येईल त्याच्याजवळ बोलायचा. ते वर पोचलं. विसांची एक खोड होती. कोणाला धरून आणायचं तर ते आपले सैनिक पाठवत नसत, साठांतल्या माणसांना पाठवत, म्हणजे सगळ्यांचेच हात बरबटतात. ओनेतासला आणायला पाच जणांना बोलावलं. एक जण हुकूम ऐकून सरळ घरी निघून गेला. त्याचं नाव दुसऱ्याच दिवशी पुसलं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याला नेलं. उरलेल्या चौघांत मेगिलोस होता.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तुम्ही म्हणता ना? मी झाडाच्या जातीची, मला ती म्हण कोणी शिकवायला नको. ते चौघे त्याला बाजारातून, माझ्यासमोरून घेऊन गेले. ओनेतासचे हात मातीने भरलेले तसेच होते. त्याने आरडाओरडा केला नाही, हात सोडवून घेतला नाही. सवयीने तो मेगिलोसच्या उजव्या अंगाला चालत होता. दिवस मावळायच्या आत त्याला विषाचा पेला प्यावा लागला.

त्यानंतर मेगिलोस रोज सकाळी येऊन आपलं नाव बघून जायचा. आधी एकदा बघायचा. मग दोनदा. मग वाटेवरून जाता जाता, काही काम नसताना. तिबियोस ओसरीच्या कोपऱ्यात बसून त्याच्याकडे बघत राहायचा. मला मेगिलोसचा राग यायचा आणि कीवही यायची. शेवटी त्याला राहवलं नाही. ओनेतासची बायको मिका हिच्या दारात त्याने एक सातूच्या पिठाची थैली नेऊन ठेवली. मिकाने दार उघडलं नाही, पण शेजाऱ्यांनी ते पाहिलं. बंडखोराच्या घरी पीठ पोचवतो, म्हणजे हाही त्यातलाच. दिवस कलताना हुकूम आला, एकेचाळिसावं नाव उजाडायच्या आत पुसावं.

तिबियोसने मला खुंटीवरून काढलं आणि पाठीवर घेतलं. चुना द्यायला तो नेहमीच तसं करायचा, त्यामुळे कोणी अडवलं नाही. अंगणाऐवजी तो मला कातड्यांच्या कुंडांपाशी घेऊन गेला. मेगिलोस एकटाच कातडं घासत होता.

"धनी, तुमचं नाव पुसायचा हुकूम आहे," तिबियोस म्हणाला.

मेगिलोसने हातातलं कातडं खाली ठेवलं. "पुसलंस?"

"नाही. ही काय, पाठीवर आहे. आता मला पुसवत नाही, मी चाललो डोंगरावर. फळीच नेली तर उद्या कोणाला मारता येतं आणि कोणाला नाही, ते त्यांना पहिल्यापासून आठवत बसावं लागेल. येणार असाल तर उठा."

डोंगरावर, एका जुन्या मेंढवाड्यात, पळालेले लोक जमत होते. कुंभार, कोळी, परगावचे कारागीर, आणि मालकांना टाकून आलेले गुलाम. माणसं होती, पण हत्यारं नव्हती. तिथल्या पुढाऱ्यांनी वेदीवर हात ठेवून शपथ घेतली, की जो आज आपल्याबरोबर लढेल, तो कुठचा का असेना, त्याचं नाव फळीवर लागेल. ती शपथ तिबियोसने ऐकली तेव्हा मी त्याच्या पाठीवरच होते. शेवटचे शब्द त्याने ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिले.

ढाली हव्या होत्या. कोणी दाराची झापं काढून आणली, कोणी वेताच्या फांद्या विणल्या. मेगिलोसने आपल्या कमावलेल्या कातड्याचे दोन पट्टे माझ्या पाठीला ठोकले आणि मी तिबियोसची ढाल झाले. लांबून सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून आम्हा सगळ्यांना चुना फासला. विसांची साठ नावं त्या चुन्याखाली गेली. पट्टे ठोकताना तिबियोस "धनी, जरा आवळून" म्हणाला, तर मेगिलोस चिडला.

"इथे कोण धनी? माझं नाव आहे ना? मेगिलोस म्हण."

तिबियोसने दोन-तीनदा हळूच म्हणून बघितलं. मग त्याला ते जमायला लागलं.

वेशीपाशी लढाई झाली. मेगिलोसच्या उजव्या अंगाला कोण उभं राहणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही, तिबियोस आपणहून जाऊन उभा राहिला. मी साधी फळी, काशाची ढाल नव्हे. पहिल्याच रेट्यात एक भाला माझ्या आरपार गेला. त्याचं टोक मेगिलोसच्या बरगडीपासून बोटभर अंतरावर थांबलं, कारण तिबियोसने मला सोडलं नाही. भाल्याचा दांडा मोडला, तिबियोसचा तळहात फाटला, तरी सोडलं नाही. आल्किमेदोन त्याच वेशीत पडला. विसांतले बाकीचे पळाले की मेले, ते मला माहीत नाही. मी रक्ताने माखले होते, आणि ते कोणाकोणाचं होतं हेही मला माहीत नाही.

मग जुने दिवस परत आले, निदान तसं सगळे म्हणत होते. सभा भरली. डोंगरावरच्या शपथेप्रमाणे, लढलेल्या सगळ्यांना नागरिक करावं असा ठराव झाला. तिबियोसने मला धुतलं, भोकाभोवती चुना दाबून बसवला आणि लिहायला घेतलं. जुनी नावं लिहिली. सगळ्यांच्या आग्रहावरून आणखी एक शपथही वर लिहिली, मागचं कोणी उकरून काढायचं नाही. शेवटी कुंभारवेशीचे अकरा नवे नागरिक. अकरावं नाव त्याने लिहिलं, तिबियोस. आणि तो अडला. पुढे बापाचं नाव लागतं.

मेगिलोस शेजारीच होता. त्याने तिबियोसच्या खांद्यावर हात टाकला. "तिमोनचा मुलगा, असं लिही. माझा बाप तो तुझा बाप. तू नसतास तर मी आज नसतो."

तिबियोसने लिहिलं. मित्रांनो, माझ्यावर हजारो नावं लिहिली गेली, पण इतकं हळू, इतकं जपून कोणी कधी लिहिलं नाही. त्या दिवसांत तो मिकाच्या भट्टीवर पाणी भरायला मदत करी, आणि दर फेरीला वाट वाकडी करून माझ्याकडे बघून जाई. त्या वेळी मी खरंच सुखात होते. पलंग झाले नाही ते बरं, असं मला पुन्हा एकदा वाटलं.

ते नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी सभेत एक वजनदार गृहस्थ उभे राहिले. तेही डोंगरावरून उतरून आमच्याबरोबर लढलेले. ते म्हणाले, की हा ठराव आधी सभेचं कामकाज ठरवणाऱ्या मंडळापुढे जायला हवा होता, मग सभेपुढे. तो तसा गेला नाही. म्हणजे कायद्याने तो झालाच नाही. वीस जणांनी कायदा मोडला म्हणून आपण लढलो, आता आपणच मोडायचा का? लोकांना ते पटलं. पटायला सोपंही होतं. परवापर्यंत पाणी भरणाऱ्याने आपल्या शेजारी बसून हात वर करावा, हे मनातून फार थोड्यांना रुचलं होतं. गरज सरो, वैद्य मरो.

हात वर झाले. मेगिलोसचाही झाला. ओनेतासला घरातून कोणी आणलं, याची कुजबुज बाजारात सुरू झाली होती. मागचं न उकरण्याची शपथ होती खरी, पण ती पाळायची की नाही हे ज्यांच्या हातात होतं, ते त्याच गृहस्थांच्या आसपास बसले होते. मेगिलोसने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग हात वर केला.

दुपारी तिबियोस ओला स्पंज घेऊन आला. मेगिलोसही मागोमाग आला. तो पुष्कळ बोलला. नियम तो नियम, पुढच्या सभेत रीतसर पुन्हा मांडू, तुझं काम तर आहेच, तुला कोणी कमी लेखत नाही. तिबियोस नव्या नावांतलं एकेक पुसत होता. दहा पुसली. मग त्याने स्पंज मेगिलोसपुढे धरला.

"हे एवढं तू पूस, मेगिलोस."

"ते तुझं काम आहे रे," मेगिलोस खाली बघत म्हणाला.

तिबियोसने स्पंज मागे घेतला. मग त्याने आधी बापाचं नाव पुसलं, आणि नंतर आपलं. स्पंज पिळला, हात पुसले.

"झालं, धनी," तो म्हणाला.

पुढे भोकाभोवतीचा चुना सारखा गळायला लागला, म्हणून ओसरीत माझ्या जागी नवी फळी आली. मला मिकाने मागून नेलं. तिबियोस अजून लिहितो. अक्षर अजून तसंच मोत्यासारखं आहे. मेगिलोस समोरून गेला तर तो उठून उभा राहतो, जसा सगळ्यांसाठी राहतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असं सांगायला मी ही कहाणी सांगितली नाही. मी पेले वाळवते, माझं बरं चाललं आहे. मागणं एवढंच आहे. कुठे यादी लागली की आधी स्वतःचं नाव शोधा, त्यात गैर काही नाही, सगळेच शोधतात. पण ते सापडल्यावर लगेच घरी जाऊ नका. तुमच्या शेजारी जो उभा होता, त्याचं नाव शोधा. नसेल तर तिथेच, सगळ्यांदेखत, मोठ्याने विचारा की का नाही. मला ते विचारता आलं नाही, मी लाकूड होते, मला तोंड नव्हतं. मेगिलोसला होतं.